डब्यातले काम सर्व्हरवर

राउटर, फायरवॉल, लोड बॅलन्सर ही एरवी स्वतंत्र यंत्रे, म्हणजे वेगवेगळे डबे असतात. प्रत्येकाचा पॉवर सप्लाय, पंखा आणि देखभालीचा करार वेगळा. तीच कामे सर्वसाधारण सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या रूपात चालवणे म्हणजे नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन. ऑक्टोबर २०१२ मध्ये १३ दूरसंचार कंपन्यांनी ही कल्पना एकत्रितपणे मांडली. आता ती जिल्ह्याच्या गावांतील कार्यालयांनाही परवडते.

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथल्या एखाद्या डाळमिलच्या कार्यालयातील रॅकमध्ये भुशाची बारीक धूळ शिरते; पाच डबे म्हणजे धूळ खाणारे पाच पंखे. एक डबा जळाला, की त्याचा सुटा भाग मुंबई-पुण्याहून येईपर्यंत मिलच्या धुळ्यातील शाखेचे बिलिंग अडते. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन केंद्राचे १२८ पोर्टचे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय चालेल असेच घडवले होते. सर्व्हर इतका काटक नसतो. थंड, बंदिस्त खोली आणि भरवशाचा यूपीएस आधी हवा. तिथे हात आखडता घेणे ही मोठी चूक ठरते.

सर्व्हरवर प्रथम हायपरवायझर, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, बसतो. लिनक्समध्ये २००७ पासून असलेला केव्हीएम त्यासाठी पुरेसा असतो. त्यावर प्रत्येक कामासाठी एक व्हर्च्युअल मशीन उभे राहते आणि व्हर्च्युअल स्विच त्यांना जोडतो.

खरा वेळ जुने नियम वाचण्यात जातो. फायरवॉलमध्ये वर्षानुवर्षे साचलेले नियम कोणी, कशासाठी टाकले याची नोंद बहुधा नसते. ते जसेच्या तसे उचलले, तर जुनी भोकेही नव्या घरात येतात. म्हणून एकेक नियम विचारून, तपासून घ्यावा लागतो. मग रात्री, कामकाज संपल्यावर, एकेक शाखा नव्या मार्गावर वळवतात. जुना डबा तारांसह तयारच असतो. सकाळी बिल निघाले नाही, तर तार परत जुन्या जागी.

वेगाची अडचण खरी आहे. डब्यातील खास चिप जे काम सहज करते, त्यासाठी सर्व्हरचा प्रोसेसर दमतो. काही कोर केवळ नेटवर्कसाठी राखून ठेवावे लागतात. शिवाय सगळी कामे एका सर्व्हरवर आली, की तो बंद पडताच सगळेच थांबते. त्यामुळे दोन सर्व्हर हवेतच, वेगवेगळ्या यूपीएसवर.

काही आठवडे सुरळीत गेल्यावर जुने डबे रॅकमधून निघतात. त्यांतील पासवर्ड आणि व्हीपीएनच्या चाव्या पुसून मगच ते अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यायचे असतात.