हसू कोणाला येते, बोलीला की माणसाला?

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी नागपूरहून पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच दिवशी वर्गात कोणीतरी विचारले, ‘‘काय करतोयस?’’ मी सरळ उत्तर दिले, ‘‘काही नाही, बसून राहिलो ना!’’ सगळा वर्ग हसला. आपण विनोद केला हे मला दुसऱ्यांकडून कळले! पुढची तीन वर्षे मी तोंड उघडण्यापूर्वी वाक्य मनात तपासून घेत असे.

त्या ‘बसून राहिलो’चे मूळ आपल्या इतिहासात आहे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा जोडभाषिक मध्य प्रांताची राजधानी होते. हिंदीशी रोजचा शेजार असल्याने ‘कर रहा हूँ’च्या वळणावर ‘करून राहिलो’ रुळले. वऱ्हाडात ‘मला’चे ‘मले’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. यात अशुद्ध काही नाही, ती त्या बोलीची रीत आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला सिद्ध झाले, हे हसणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

मग विनोदी पात्राच्याच तोंडी बोली का? ही चाल फार जुनी आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले आणि विदूषक प्राकृत. मराठी रंगभूमीवर मालक पुस्तकी बोलला, गडी गावाकडचे. प्रेक्षकांना पात्राची पायरी चटकन कळावी, ही त्यातली सोय. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने १९७१ साली ही पायरी उलटवली. गावंढळ नाम्या तिथे नायकच झाला!

दूरचित्रवाणीवर हे काम आपल्या अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी केले. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मुळे वऱ्हाडी बोली मुंबई-कोल्हापूरच्या घराघरांत पोचली. त्यांचे बोलणे नीट ऐका. शब्द लांबवलेला, चेहरा मख्ख, घाई कशाचीच नाही. समोरचा कितीही उड्या मारो, हा गडी जागचा हलत नाही. हसू येते ते या ठाय लयीला आणि त्या बेरक्या, पण निर्मळ माणसाला. बोली त्या माणसाच्या अंगचीच असते.

पण सगळीकडे असे होत नाही. नुसते ‘काहून बे’ म्हटले की टाळी, असेही प्रसंग लिहिले जातात. फरक ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे. तोच संवाद प्रमाण मराठीत म्हणून पाहावा. थोडी चव जाईल, पण हसू टिकले तर तो विनोद. काहीच उरले नाही तर ती बोलीची टर.

याला उतारा काय? बोलीला हसण्याखेरीज इतर कामेही मिळाली पाहिजेत. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांत लोक हसतात तसे रडतातही. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ‘सैराट’ने २०१६ मध्ये करमाळ्याकडच्या बोलीत प्रेम आणि मरण दोन्ही दाखवले. २०२२च्या ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्तीतली पोरे आपल्याच भाषेत हसवतात आणि पुढच्याच क्षणी घशात आवंढा आणतात.

हे सारे सांगण्याचे कारण घरचेच आहे. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. परवा पाहुणे आले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आजोबा, ते टीव्हीतल्या सरपंचासारखं बोलून दाखवा ना!’’ मी बोललो. पाहुणे खळखळून हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप येईना. माझी भाषा त्याच्या लेखी नकलेची गोष्ट झाली होती.

सकाळी त्याला जवळ बसवून सांगितले, ‘‘बापू, माहा बाप गेला तवा माही माय याच बोलीत रडली होती. कोणी हासलं नोहतं.’’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मले अजून सांगा ना, आजोबा.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)