आठ पुत्रांपलीकडचा आशीर्वाद

लग्नसराईत दापोली तालुक्यातल्या अंगणांत मांडव पडतात, चाकरमानी मुंबईहून गावी येतात. नवी नवरी वाकली की वडीलधारी माणसं म्हणतात, ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव.’ हा आशीर्वाद थेट वेदातला आहे, आणि वेदाला सुनेकडून फक्त मुलगे हवे होते, असं पुष्कळांना वाटतं.

ऋग्वेदातलं विवाहसूक्त दहाव्या मंडलात आहे, पंच्याऐंशीवं. त्यात 47 ऋचा आहेत. सवित्याची मुलगी सूर्या हिच्या सोमाशी झालेल्या लग्नाचं ते वर्णन, आणि परंपरेनं त्याची ऋषी खुद्द सूर्याच मानली आहे. त्यात आठ पुत्र नाहीत. पुत्रांची मागणी मात्र आहे, चांगली दहांची. ती झाकण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर सूक्त थांबत नाही. दोघांची ताटातूट होऊ नये, त्यांनी पूर्ण आयुष्य जगावं, स्वतःच्या घरात नातवंडांशी खेळावं, नवरीनं गुराढोरांशीही मायेनं वागावं, हे सारं त्यात आहे. आणि सासू, सासरे, नणंद, दीर यांच्यात तिनं सम्राज्ञी व्हावं, असं तिला स्पष्ट सांगितलं आहे. माप ओलांडून आलेल्या सुनेला ‘आता खाली मान घालून राहा’ असं बजावताना वेदाचा आधार घेणाऱ्यांनी हे सूक्त एकदा वाचावं.

दुसरा गैरसमज सप्तपदीचा. सात पावलं म्हणजे सात जन्मांचं बंधन, किंवा अग्नीभोवतीचे सात फेरे, असं सिनेमा-मालिकांनी आपल्या डोक्यात बसवलं आहे. आपल्याकडे लाजाहोमाच्या वेळच्या प्रदक्षिणा वेगळ्या आणि तांदळाच्या सात राशींवरून टाकलेली पावलं वेगळी. आश्वलायन गृह्यसूत्रात या पावलांचे हेतू दिले आहेत: अन्न, बळ, संपत्तीची वाढ, सुख, संतती, ऋतू आणि सातवं पाऊल सख्याचं. पुढच्या जन्मांचा त्यात उल्लेख नाही. संतती सातांतलं एक पाऊल आहे, तेही पाचवं. शेवट मैत्रीवर होतो. मला या सगळ्या विधीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. अक्षता पडल्या की लग्न लागलं असं समजून वऱ्हाड पंगतीकडे वळतं, पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जिथं विधीत सप्तपदी असते तिथं सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं.

हे सारं ज्यांनी खोलवर अभ्यासलं ते भारतरत्न पां. वा. काणे दापोलीत शिकले. ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’चे त्यांचे खंड 1930 ते 1962 या काळात निघाले.

तिसरा गैरसमज सर्वांत क्रूर: हा आशीर्वाद विधवेसाठी नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 11 मार्च 1893 रोजी पुण्यात गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं. मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेणाऱ्या घरच्यांवरही तो पडणार होता. वास्तविक 1856 च्या विधवाविवाह कायद्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं की, कुमारिकेच्या लग्नात जे शब्द आणि जे विधी पुरेसे ठरतात, तेच विधवेच्या लग्नातही पुरेसे. पराशरस्मृतीतही पुनर्विवाहाला आधार आहे, आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी तोच पुढे केला होता. गोदूबाई पुढे आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे झाल्या, ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र त्यांचंच. धोंडो केशवांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं.

याच घरातल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून संततिनियमनाचा प्रचार केला. किती मुलं हवीत हे नवराबायकोनं ठरवायचं, ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले.

तेव्हा येत्या लग्नात गुरुजींना आधीच एक विनंती करा: सप्तपदीला माइक थोडा वेळ मराठीकडे वळवा आणि प्रत्येक पावलाचा अर्थ मांडवाला सांगा. आणि नवरी वाकली, मग तिचं लग्न पहिलं असो की पुनर्विवाह, तर मुलांची संख्या सांगू नका. सुखानं, एकमेकांचे सखे होऊन नांदा, एवढं म्हणा.