विश्लेषण : एक अल्बम, आठ महिने आणि एक विमान अपघात... ब्राझीलला वेड लावणारा ‘मामोनास असासिनास’ बँड काय होता?

ब्राझीलमध्ये पिवळ्या रंगाची जुनी फोक्सवॅगन ‘ब्राझिलिया’ मोटार दिसली, की लोकांना गाडीआधी एक गाणे आठवते. हे गाणे गाणाऱ्या पाच तरुणांच्या ‘मामोनास असासिनास’ या बँडचा अल्बम २३ जून १९९५ रोजी बाजारात आला. २ मार्च १९९६ च्या रात्री पाचही जण विमान अपघातात गेले. मधले अंतर आठ महिने आणि काही दिवसांचे. एवढ्या काळात त्यांनी काढलेला हा एकमेव अल्बम ब्राझीलच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये गणला जातो. विक्रीचे आकडे ३० लाखांच्या घरात सांगितले जातात. या अपघाताला २ मार्च २०२६ रोजी ३० वर्षे झाली. हा बँड नेमका काय होता आणि त्या रात्री काय घडले, जाणून घेऊ या.

नावाचा अर्थ काय?

शब्दशः अर्थ ‘खुनी एरंड’. पोर्तुगीजमध्ये ‘मामोना’ म्हणजे एरंड, ज्याच्या बियांपासून आपण एरंडेल काढतो. या बियांत रायसिन हे जहाल विष असते, त्यामुळे ‘खुनी’ हे विशेषण अगदीच हवेत नाही. पण खरी गंमत वेगळीच आहे. ‘मामा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये स्तन. त्यामुळे ‘मामोना’ हा शब्द ऐकताच ब्राझीलच्या शाळकरी पोरांना हसू फुटते. अल्बमच्या मुखपृष्ठावर भरगच्च छातीच्या बाईचे चित्र छापून बँडने उरलीसुरली शंकाही ठेवली नाही. बँडच्या विनोदाची पातळी ही अशी, शाळेच्या शेवटच्या बाकावरची.

आधीचा गंभीर बँड का चालला नाही?

हे पाचही जण ग्वारुल्योसचे. साओ पावलो महानगराला लागून असलेले हे कामगारांचे शहर देशातील सर्वात मोठ्या विमानतळांपैकी एकासाठी ओळखले जाते. सर्जिओ (ड्रम्स) आणि सॅम्युएल (बेस गिटार) हे सख्खे भाऊ. ‘रेइस दे ओलिव्हेरा’ या आडनावाची दोन टोके जोडून त्यांनी स्वतःला ‘रेओली’ करून घेतले. गिटारवर जपानी वंशाचा बेन्तो हिनोतो. कीबोर्डवर जुलिओ सेझार, ज्याने ‘सेझार’ची अक्षरे उलटी करून ‘रासेक’ हे नाव घेतले. आणि गायक दिन्यो, मूळचा ईशान्येकडील बाइया राज्यातील. त्या भागातून कामाच्या शोधात साओ पावलोकडे आलेल्या लाखो कुटुंबांपैकीच त्याचेही एक.

या मंडळींच्या पहिल्या बँडचे नाव ‘उतोपिया’. तो गंभीर रॉक वाजवायचा, बहुतांशी इतरांची गाणी. १९९० मधल्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी ‘गन्स एन’ रोझेस’चे गाणे मागितले. बँडमध्ये कुणालाच त्याचे शब्द येत नव्हते, म्हणून ‘येते का कुणाला?’ असे गर्दीलाच विचारण्यात आले. दिन्यो मंचावर चढला. शब्द त्यालाही येत नव्हते! त्याने तोंडाला येईल ते इंग्रजीसारखे काहीतरी म्हटले, हातवारे केले आणि लोक हसून बेजार झाले. बँडला गायक मिळाला तो असा.

तरीही पुढची दोन-तीन वर्षे गंभीरपणाचा हट्ट सुटला नाही. १९९२ मध्ये ‘उतोपिया’ने स्वतःचा अल्बम काढला. हजार प्रती छापल्या, खपल्या जेमतेम शंभर. याच काळात निर्माता रिक बोनादिओ याच्या स्टुडिओत गंमत म्हणून केलेली विडंबने मात्र ऐकणाऱ्याला पोट धरून हसवत होती. बोनादिओने त्यांना ‘हेच करा’ असे सुचवले. चाचणीचे ध्वनिमुद्रण ‘ईएमआय’ कंपनीच्या कला संचालकाकडे पोहोचले. त्याचा मुलगा राफाएल रामोस स्वतः एका बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. त्याने ते ऐकले आणि वडिलांच्या मागे धोशा लावला. करार झाला आणि ‘उतोपिया’चे ‘मामोनास’ झाले.

गाण्यांत असे काय होते?

अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि त्यातील बहुतेक कुणाची ना कुणाची नक्कल करतात. पोर्तुगालमधील ‘व्हिरा’ या लोकनृत्याच्या चालीवरचे ‘व्हिरा-व्हिरा’ हे ब्राझीलमध्ये लोकप्रिय असलेले पोर्तुगीज गायक रोबेर्तो लेआल यांच्या शैलीची टिंगल आहे. ‘ब्राझिलिया’ मोटार येते ती ‘पेलादोस एं सान्तोस’ या गाण्यात. खटारा गाडीत प्रेयसीला समुद्रावर न्यायला निघालेल्या प्रियकराचे हे गाणे. ‘१४०६’ हे शीर्षक टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या त्या काळच्या कार्यक्रमांच्या फोन क्रमांकावरून उचललेले. एक गाणे तर थेट हेवी मेटलची खिल्ली उडवते, तेही मोडक्या इंग्रजीत.

मात्र नक्कल करायलाही वाजवता यावे लागते. पाच वर्षे रॉक, सांबा, फोर्रो असे सगळे वाजवून झालेले हे वादक होते आणि बेन्तोची गिटार कुठल्याही ‘गंभीर’ बँडमध्ये शोभली असती. विनोद कच्चा, पण वाजवणे पक्के, हे समीकरण अनेक समीक्षकांच्या उशिरा लक्षात आले.

‘शोपिस सेंतिस’ या गाण्यात ‘द क्लॅश’ या ब्रिटिश बँडची गाजलेली गिटारची सुरावट घेऊन शॉपिंग मॉलमध्ये पहिल्यांदाच गेलेल्या मजुराची गोष्ट सांगितली आहे. शीर्षकातील ‘शॉपिंग सेंटर’चे स्पेलिंगही त्याच्याच उच्चारासारखे चुकीचे आहे. ‘जुमेन्तो सेलेस्तिनो’मध्ये बाइयाचा माणूस गाढवावर बसून साओ पावलोला निघतो. हा विनोद वरून खाली बघणारा वाटू शकतो, पण दिन्योचे स्वतःचे घर याच वाटेने आले होते. ग्वारुल्योसमध्ये ही गाणी ऐकणाऱ्याला त्यात आपले शेजारी दिसत होते. १९९४ मध्ये नवे चलन आल्यावर महागाई आटोक्यात आली आणि आजवर अशी खरेदी न परवडलेली कुटुंबे सीडी विकत घेऊ लागली होती. बँडचे यश त्या लाटेवरचे आहे, हे विसरून चालणार नाही.

मुलांना कसे काय चालले?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. शब्द उघडउघड अश्लील, आणि सर्वात मोठा चाहतावर्ग प्राथमिक शाळेतला. सुपरहिरोचे किंवा कैद्यांचे कपडे घालून मंचावर उड्या मारणारे पाच जण मुलांना जिवंत कार्टून वाटायचे, द्व्यर्थी शब्द त्यांच्या डोक्यावरून जायचे. रविवारच्या प्रेक्षकसंख्येसाठी झुंजणाऱ्या ‘ग्लोबो’ आणि ‘एसबीटी’ या वाहिन्यांना हा बँड हवाच असायचा, त्यामुळे टीव्हीवर त्यांना मोकळे रान मिळाले. बायका आणि समलिंगी व्यक्तींवरचे त्यातले काही विनोद आज ऐकवत नाहीत, हेही खरे. ‘रोबोकॉप गे’ हे गाणे एकाच वेळी समलिंगी पुरुषाचे व्यंगचित्र काढते आणि ऐकणाऱ्याला मन मोकळे ठेवायलाही सांगते. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

जानेवारी १९९६ मध्ये बँड स्वतःच्या गावातील मोठ्या क्रीडागृहात वाजवायला उतरला. ‘उतोपिया’च्या दिवसांत याच जागी त्यांना मंच नाकारण्यात आला होता. नेहमी टवाळी करणारा दिन्यो त्या रात्री थांबला, हा नकार त्याने प्रेक्षकांना सांगितला आणि अशक्य काही नसते, असे भरल्या आवाजात बोलला.

२ मार्चच्या रात्री काय झाले?

ब्राझिलिया शहरातील माने गारिंचा स्टेडियममध्ये दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालला निघायचे होते. भाड्याचे छोटे ‘लिअरजेट २५’ विमान रात्री दहाच्या सुमारास ग्वारुल्योसकडे उडाले. विमानात बँडचे पाच, दोन सहकारी आणि दोन वैमानिक होते.

विमान धावपट्टीच्या दिशेने आले, पण त्याची उंची आणि वेग उतरण्याजोगे स्थिर नव्हते. अशा वेळी न उतरता पुन्हा वर जायचे आणि फेरी मारून परत यायचे, ही नेहमीची पद्धत आहे. धोका फेरीच्या दिशेत होता. ग्वारुल्योसची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे तोंड असताना उजवीकडे वळले तर दक्षिणेला मोकळी जागा, डावीकडे वळले तर उत्तरेला सेरा दा कांतारेइराचे डोंगर. विमान डावीकडे वळले. धावपट्टीला समांतर जाण्याचा टप्पाही गरजेपेक्षा लांबला. जंगलाने झाकलेल्या डोंगरावर रात्री दिवे नसतात. ११ वाजून १६ मिनिटांनी विमान सुमारे ३,३०० फूट उंचीवर डोंगराला धडकले. नऊपैकी कुणीही वाचले नाही.

हवाई दलाच्या तपासात वैमानिकांचा थकवा, दोघांमधला अपुरा ताळमेळ आणि नियंत्रण कक्षाशी झालेला संदिग्ध संवाद ही कारणे पुढे आली. यंत्रातील बिघाड कारणीभूत नव्हता. त्याच दिवशी जुलिओने एका चित्रफितीत विमान कोसळल्याचे स्वप्न पडल्याचे सांगितले होते. ती चित्रफीत दर मार्चमध्ये ‘गूढ संकेत’ म्हणून फिरते. पण तपास अहवालातली दमलेल्या वैमानिकांची गोष्ट त्याहून जास्त अस्वस्थ करणारी आहे, आणि ती मात्र फारशी फिरत नाही.

४ मार्चला ग्वारुल्योसमध्ये अंत्ययात्रेला सुमारे ६५ हजार लोक आले. त्यात शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. दुसऱ्या दिवशी दिन्योचा पंचविसावा वाढदिवस होता.

त्यानंतर काय?

बँडवर संगीत नाटक झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात गिटारवादक बेन्तोची भूमिका करणाऱ्या तरुणाचे नाव बेतो हिनोतो. तो बेन्तोचा पुतण्या आहे.