इंग्रजीतला ‘अ’ आणि आपला ‘एक’



अर्धवार्षिक परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एका अगदी लहान शब्दापायी बरेच गुण जातात. तो शब्द म्हणजे ‘अ’. आपल्या बऱ्हाणपुरात मुले घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. ‘मी शिक्षक आहे’, ‘मैं शिक्षक हूँ’ एवढ्यावर दोन्हीकडे भागते. इंग्रजीत मात्र ‘आय ॲम टीचर’ चालत नाही. ‘आय ॲम अ टीचर’ म्हणावे लागते.

तरी ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. आजी गोष्ट सांगते, ‘एक राजा होता’. तिला राजे मोजायचे नसतात. कोणी एक, आपल्याला अजून माहीत नसलेला राजा, एवढेच तिला म्हणायचे असते. पुढच्या वाक्यात तोच ‘तो राजा’ होतो. इंग्रजीतही आधी ‘अ किंग’, मग ‘द किंग’. इंग्रजीचा ‘ॲन’ मुळात ‘वन’च आहे, व्यंजनापुढे त्यातला ‘न’ गळाला आणि ‘अ’ उरला.

कुठे ‘अ’ आणि कुठे ‘ॲन’, हे स्पेलिंगवरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते. शब्द देवनागरीत लिहून पाहा. स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’: ॲन अवर, ॲन एम.एल.ए. नाहीतर ‘अ’: अ युनिव्हर्सिटी. (क्रिकेटवाल्यांसाठी एक गंमत: ‘अंपायर’च्या सुरुवातीला पूर्वी ‘न’ होता. तो बोलता बोलता मागच्या ‘अ’ला जाऊन चिकटला!)

जे मोजता येत नाही त्याला ‘अ’ नको. ‘अ बनाना’ बरोबर, ‘अ मिल्क’ चूक. ‘अ ग्लास ऑफ मिल्क’ म्हणावे. ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ यांनाही ‘अ’ लागत नाही. रजेच्या अर्जात ‘अ हेडेक’ लिहावे, पण ‘मलेरिया’ नुसताच. ‘इन अ हरी’, ‘ट्वाइस अ डे’, ‘बाय बस’ हे सरळ पाठच करावे, तिथे तर्क लढवण्यात अर्थ नाही.

‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांच्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. उन्हाळ्यात तापीत ‘अ लिटल वॉटर’ आहे म्हटले तर थोडे का होईना, पाणी आहे. ‘लिटल वॉटर’ म्हटले तर जवळजवळ नाहीच. तसेच ‘अ फ्यू पेरेंट्स केम’ म्हणजे काही पालक आले. ‘फ्यू पेरेंट्स केम’ म्हणजे फारसे कोणी फिरकलेच नाही. विश्वस्त मंडळाकडे जाणाऱ्या अहवालात हा ‘अ’ सुटला, तर आलेल्या पालकांवर अन्याय होतो.

पुढच्या पालकसभेचा इंग्रजी अहवाल नववीची मुले लिहिणार आहेत. त्यात ‘फ्यू’ लिहायचे, ‘अ फ्यू’ लिहायचे की ‘मेनी’, हे पालकांनी ठरवावे.