टाकीतलं पाणी येतं कुठून?

नागपूरकर मे महिन्यात घरातल्या हवेत पाणी मिसळायला पैसे मोजतो आणि ऑगस्टमध्ये तेच पाणी बाहेर काढायला. मेच्या दुपारी पारा ४३ वर आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हा घनमीटरभर हवेत जेमतेम ९ ग्रॅम वाफ असते. कूलरच्या ओल्या ताट्यांतून आलेला वारा अशा वेळी तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास हवा २८ अंश आणि ८५ टक्क्यांवर आली, की त्याच घनमीटरमध्ये २३ ग्रॅम वाफ असते. मग कूलर कितीही जोरात फिरवा, वारा २६ च्या खाली येत नाही. उलट तो घरात पाणी भरत राहतो. तरी पंप बंद करायचं फारसं कुणाला सुचत नाही. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी भुरी दिसली, की मात्र डीह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी करून टाकीत जमवणाऱ्या यंत्राच्या, चौकशा सुरू होतात.

दुकानात १०, १२, २०, २५ लिटर असे आकडे कानावर पडतात. हा आकडा टाकीच्या मापाचा नव्हे. बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत यंत्र २४ तास चाललं तर किती पाणी काढेल, ते तो सांगतो. हवा सुकत साठेक टक्क्यांवर आली, की त्याच यंत्राची कमाई साधारण निम्म्यावर येते. अमेरिकेत २०१९ मध्ये चाचणीचं तापमान ८० अंश फॅरनहाइटवरून ६५ वर आणलं, तेव्हा ‘७० पाइंट’ म्हणून विकलं जाणारं यंत्र ‘५० पाइंट’चं झालं. यंत्र तेच होतं, फक्त हवा बदलली.

आता एक हिशेब. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. ऑगस्टमध्ये तिच्या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं पाऊण लिटर. मग टाकी रोज भरते कशी? ते पाणी खोलीतलं नसतंच. ते दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या काचांमधून, ओल धरलेल्या भिंतीतून आणि वाळत घातलेल्या कपड्यांतून येत असतं. तासाला खोलीतली निम्मी हवा बदलली, तरी बाहेर जाणारं वजा करून दिवसाकाठी तीनेक लिटर जादा पाणी बाहेरून आत येतं. खिडकी उघडी ठेवून यंत्र लावणारा माणूस आख्ख्या धरमपेठेची हवा सुकवायला निघालेला असतो. म्हणून चौरस फुटांचा तक्ता दाखवणाऱ्या विक्रेत्याला आधी सांगावं, की खोलीत पाणी येतं कुठून.

पुस्तकं, सतरंज्या, कॅमेरा असलेल्या बंद खोलीला १०–१२ लिटरचं यंत्र पुरतं. काटा ५५ टक्क्यांवर ठेवावा. ४५ च्या खाली जाऊन सागवानी कपाटाला फटी पाडण्यात अर्थ नाही, ते काम आपला उन्हाळा करतोच. मधल्या क्षमतेचं, २० लिटरचं यंत्र शोभतं ते कपडे वाळवायच्या खोलीत. वॉशिंग मशिनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरलेलं असतं. दार-खिडकी लावून घेतली तर असं यंत्र पाच-सहा तासांत ते ओढून घेतं आणि टॉवेलचा कुबट वासही जातो. महालातल्या जुन्या घरांच्या तळमजल्यावर प्रश्न वेगळा असतो. काळी माती पाणी धरून ठेवते आणि विटा ते वर खेचतात. तिथे २५ लिटरचं यंत्रही भिंतीशी हरतं, आधी जोत्याची ओल थांबवायला हवी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला एक्झॉस्ट पंखा बरा. चिवडा सादळतो म्हणून यंत्र घेणाऱ्याने आधी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा.

राहिली झोपायची खोली, आणि फसगत होते ती इथेच. वाफेचं पाणी होताना लिटरमागे जवळपास पाऊण युनिट उष्णता सुटते आणि डीह्युमिडिफायर ती खोलीतच सोडतो. दहा लिटर पाणी काढलं, तर यंत्राने खाल्लेली वीज धरून साधारण १२ युनिट उष्णता खोलीत येते. म्हणजे हजार वॅटची शेगडी बारा तास पेटवल्यासारखं. अंग कोरडं वाटेल, पण झोप लागणार नाही. एसी असेल तर रिमोटवरचं थेंबाचं चिन्ह दाबा, तो हीच उष्णता भिंतीपलीकडे फेकतो. एसीचा जन्म तरी कशासाठी झाला? १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंग सरकत होते, ते थांबवण्यासाठी विलिस कॅरियरने ही यंत्रणा आखली. माणसांना गार करणं नंतरचं.

खरेदीआधी काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, आणि तोही तपासून. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, लगदा होईल इतपतच पाण्याने भिजवा, मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी आकडा ७१ दिसला, तर पुढे प्रत्येक नोंदीत ४ मिळवायचे. खिडक्या लावूनही जिथे काटा ७० च्या वर रेंगाळतो, यंत्र त्याच खोलीसाठी.

टाकीला नळी जोडून ती मोरीत सोडता येते का, हे दुकानातच पाहून घ्या. रात्री टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं. साचलेलं पाणी फरशी पुसायला चालतं. प्यायला नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नाही: दिसायला नितळ असलं तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात.