आफ्रिकेची सफारी बोरीवलीत : वाघ, समुद्र आणि आपल्या उसातला बिबट्या



"साहेब, आफ्रिकेत गाडीत बसून सिंह बघायचे आणि मग चार दिवस समुद्रावर राहायचे, असं काही जमेल का?" अशी विचारणा अलीकडे काही तरुण सभासद गट ऑफिसात करू लागले आहेत. ऊस विकास अधिकाऱ्याला लागण, बेणे आणि खत सोडून असा प्रश्न कुणी विचारला की बरे वाटते. वर्षभर रानात राबणाऱ्या माणसाने चार दिवस घराबाहेर पडावे, बायको-मुलांना जग दाखवावे, याला आमची ना नाही. म्हणून या अंकात खताच्या हप्त्यांऐवजी सहलीचा विचार करू.

'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ प्रवास. मूळ अरबी 'सफर', म्हणजे आपण 'सफर करून आलो' म्हणतो तोच शब्द. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली स्थापन झाले आणि त्याचा विस्तार सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. तिकडून लोक पुढे डर्बनच्या किनाऱ्यावर जातात. डर्बनच्या आसपासचा नाताळ प्रांत (आता क्वाझुलू-नाताळ) म्हणजे तिथला ऊसपट्टा. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेली 'ट्रुरो' ही बोट डर्बनला लागली. तीत गिरमिटाखाली नेलेले आपले देशबांधव होते, आणि त्यांना नेले होते ते मुख्यतः तिथल्या उसाच्या मळ्यांतल्या कामासाठी. तेव्हा तो किनारा आपल्याला अगदीच परका नाही.

पण अडचण हंगामाची आहे. तिकडे जनावरे चांगली दिसतात ती कोरड्या हिवाळ्यात, पाणवठे आटल्यावर. तो काळ साधारण मे ते सप्टेंबर. म्हणजे नेमका आपल्या आडसाली लागणीचा. पासपोर्ट, व्हिसा आणि विमानभाड्याचा खर्च वेगळाच. ज्यांना शक्य आहे त्यांनी खुशाल जावे. बाकीच्यांसाठी आम्ही दुसरा बेत सुचवतो. जंगल आणि समुद्र, दोन्ही एका मुक्कामात, दोन दिवसांत आणि एस.टी.च्या भाड्यात. ठिकाण मुंबईचे उपनगर बोरीवली.

केव्हा आणि कसे जावे

दसऱ्यानंतर खरिपाची काढणी आटोपते आणि गव्हाणीत मोळी पडायला अजून काही दिवस असतात. हा काळ आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. पाऊस उघडलेला असतो, डोंगर हिरवे असतात, कान्हेरीच्या टाक्यांत पाणी असते. उन्हाचा चटका लागतो, तेव्हा डोक्याला टोपी हवी. ज्यांना तेव्हा जमणार नाही त्यांनी ऊस तुटून गेल्यावर, पाचट पसरून खोडव्याचे पहिले पाणी झाले की निघावे. भर पावसाळ्यात समुद्राचा बेत नको आणि मे महिन्यात लहान मुलांचे हाल होतात.

बोरीवली हे पश्चिम रेल्वेवरचे मोठे स्टेशन आहे. आपल्याकडून एस.टी.ने गेल्यास पूर्वेला नॅन्सी कॉलनीत उतरता येते. रेल्वेने दादरला उतरून लोकल धरावी. सकाळी लोकलची गर्दी शहराकडे जाणारी असते, बोरीवलीकडे नव्हे. ही गोष्ट पिशव्या आणि पोरे सांभाळणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवावी. सोमवारी मात्र जाऊ नये, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते.

पहिला दिवस : जंगल

बोरीवली पूर्वेला, द्रुतगती महामार्गाला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. पूर्वी याला कृष्णगिरी उपवन आणि नंतर बोरीवली राष्ट्रीय उद्यान म्हणत. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. क्रुगरपुढे हे म्हणजे मोठ्या वावराच्या कोपऱ्यातला वाफा. पण एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हा वाफा टिकला आहे, यातच त्याचे मोल आहे. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी देणारे जुने तलाव याच जंगलाच्या पाणलोटात आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा. डोंगरावर झाड असेल तर तळ्यात पाणी असते, हे आपल्या सभासदांना निराळे सांगायला नको.

आत गेल्यावर प्रथम व्याघ्र व सिंह सफारीची तिकिटे काढावीत. जाळी लावलेल्या लहान बसमधून नेतात. हे वाघ-सिंह कुंपणाच्या आतले आहेत, रानातले नव्हेत, एवढे मुलांना आधीच सांगावे. २०२२ साली जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहाची एक जोडी इथे आली आणि बदल्यात इथली वाघाची जोडी तिकडे गेली. खिडकीपासून चार हातांवर वाघ चालत गेला की मोठी माणसेसुद्धा बोलायची थांबतात. मात्र जाळीतून बोटे बाहेर काढणे, ओरडणे, खाऊ टाकणे हे प्रकार आपल्या मंडळींकडून होऊ नयेत. वानरे हातातली पिशवी पळवतात, म्हणून भाकरीचे गाठोडे उघड्यावर सोडू नये.

दुपारपूर्वी कान्हेरी लेणी गाठावीत. फाटकापासून पाच-सहा किलोमीटर आत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास कोरायला सुरुवात झालेली ही शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह जरूर पाहावे. पण शेतकऱ्याने त्याहून बारकाईने पाहावी ती पाण्याची व्यवस्था. खडकात खोदलेले पन्हाळे पावसाचे पाणी लेण्यालेण्याच्या टाक्यात आणून सोडतात. आज आपण शेततळ्याची जागा ठरवतो तोच हिशेब त्यांनी छिन्नी-हातोड्याने केला. इथल्या शिलालेखांत भिक्षूंच्या निर्वाहासाठी शेते दान दिल्याच्या नोंदी आहेत. त्यांतले एक शेत 'मंगलठाण' गावचे आहे. अभ्यासकांच्या मते ते म्हणजे आजचे बोरीवलीतले मागाठाणे. आज तिथे इमारती आहेत. शेत गेले, नोंद राहिली.

जाळीबाहेरचा

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सफारीतला वाघ दाखवतात, पण या जंगलाचा खरा धनी बिबट्या आहे आणि तो जाळीच्या बाहेर आहे. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत या जंगलात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले. २०२४ च्या मोजणीत ५४. सहलीत तो दिसण्याचा संभव जवळजवळ नाही. मात्र आपल्याला तो नवा नाही. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत गारवा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवे? नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोल्याच्या ऊसपट्ट्यात झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ ५ बिबटे निघाले. जवळपास जंगल नसताना! त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता.

त्यामुळे बिबट्या दिसला की गट ऑफिसात फोन येतो, "साहेब, वनखात्याला सांगा, पकडून लांब जंगलात सोडून या म्हणावं." ही मागणी आम्ही समजू शकतो. ज्याचे पोर अंगणात खेळते त्याला पुस्तकी उपदेश करणे सोपे नाही. पण ही युक्ती करून झाली आहे आणि तिचा हिशेबही मांडून झाला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. त्याआधी माणसावर हल्ले वर्षाला सरासरी ४ होत, त्या काळात ते १७ वर गेले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडले. नव्या मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, घराकडे परतू पाहतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. बोरीवलीच्या उद्यानाभोवतीही २००४ च्या जून महिन्यात बिबट्याच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे गेली. तिथेही बाहेरून आणून बिबटे सोडले जात होते.

या बाबतीत 'आजोबा'ची हकीकत प्रत्येक सभासदाने ऐकावी. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ साली एक वयस्कर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. पट्ट्यामुळे त्याची वाट कळत राहिली. कसाऱ्याचा रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून तो थेट बोरीवलीच्या या उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. वाट सुमारे १२० किलोमीटरची. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. पुढे २०१४ साली 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपटही आला. ज्याला आपण "सोडून आलो" म्हणतो तो आपल्या मनाप्रमाणे तिथे थांबत नाही, हे यावरून दिसते.

मग बोरीवलीत काय केले? २०११ पासून वनखात्याने नागरिकांना बरोबर घेऊन कामाला सुरुवात केली. वस्तीभोवतीचा कचरा उचलणे, म्हणजे कुत्री जमत नाहीत. रात्री दिवे. मुलांना एकटे न सोडणे. बिबट्या दिसला म्हणून गर्दी न करणे. हल्ले पुरते संपले असे नाही. २०२१ आणि २०२२ साली शेजारच्या आरे वसाहतीत पुन्हा दुःखद प्रसंग घडले. तरीही २००४ सारखे वर्ष परत आलेले नाही. उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला पूजतात आणि त्याच्या वाटेला जात नाहीत.

दुसरा दिवस : समुद्र

बोरीवली पश्चिमेहून बस किंवा रिक्षाने गोराईच्या धक्क्यावर जावे. तिथून लाँचने खाडी ओलांडली की थोड्याच वेळात गोराई गाव. दोन्ही काठांना तिवरांचे रान आहे. तिवरे म्हणजे समुद्राच्या बांधावरची झाडे, काठाची माती धरून ठेवणारी. गावात कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी राहतात आणि मराठीच बोलतात. जवळच २००९ साली उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा आहे. आत एकही खांब नसलेल्या घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात.

किनारा लांब आणि मोकळा आहे, पण समुद्र म्हणजे कॅनॉल नव्हे. विहिरीत पोहणाऱ्याने इथे पैज लावू नये. भरतीचा जुना हिशेब घरच्या पंचांगावरून निघतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडील भरतीची अदमासे वेळ येते. अष्टमीला सहा, तृतीयेला सव्वादोन. पुढे सहा तासांनी ओहोटी. द्वितीया-तृतीयेच्या सुमारास गेल्यास सकाळी पाणी चढते असते, तेव्हा गुडघाभर पाण्यात मुलांना खेळवावे. पाणी उतरू लागले की सर्वांनी बाहेर. शंका आली तर किनाऱ्यावरच्या कोळी बांधवाला विचारावे आणि त्याचे ऐकावे.

घरी आल्यावर

ही सहल नुसती फोटोपुरती राहू नये, म्हणून पुढील गोष्टी गटागटांत अमलात याव्यात :

१) रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला दोघांनी जावे. बॅटरी आणि चालू रेडिओ बरोबर असावा.
२) तोडणी कामगारांच्या कोप्यांवर रात्री उजेड असावा आणि लहान मुले कोपीच्या आत झोपावीत. ती पोरे आपल्या उसासाठीच इथे आलेली असतात.
३) शेळ्या-वासरे बंदिस्त गोठ्यात बांधावीत. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये.
४) तोड एका बाजूने करत जावी, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते.
५) फडात पिल्ले सापडल्यास हात न लावता त्या जागेची तोड थांबवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले जागच्या जागी राहिली तर मादी रात्री ती उचलून नेते, असा जुन्नर भागातला अनुभव आहे.
६) जनावर मारले गेल्यास ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई मिळते.

ज्या गटातून एका एस.टी.पुरत्या चाळीस-पंचेचाळीस सभासदांची यादी होईल, त्यांनी ती शेतकी विभागाकडे द्यावी. गाडी ठरवण्यास आम्ही मदत करू. यादीत घरच्या स्त्रियांची आणि तोडणी टोळीच्या मुकादमांचीही नावे असावीत. पहाटे गोठ्यात आणि फडात आधी त्याच पावलांचा वावर असतो.