माप दोघांचे

3 सप्टेंबर 2024. गणेशोत्सव चार दिवसांवर आणि एसटीचा संप! कल्याण आगारातून गावी निघालेल्यांचे हाल झाले. “किती ही हाव!” असे आमच्या शाळेतही कुणी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी, आधीची वाढ धरून मूळ वेतनात सरसकट 6,500 रुपयांची वाढ मान्य झाली, तीही एप्रिल 2020 पासूनची. म्हणजे चार वर्षांचे देणे बाकी होतेच. मग हाव कुणाची?

मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण. आणि घेताना पुरे, देताना कमी मापणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये ताकीद आहे. ती मालकाला आहे, तशी कामचुकार नोकरालाही. आपल्या मोलकरणीचा पगार आपण शेवटचा कधी वाढवला?